दुधाचा कॉम्प्युटर विमानाने

कॉम्प्युटर विमानाने न्यायचा असेल तर पहिला संशय कुणावर घ्यावा, असं मला कुणी विचारलं, तर मी बिनदिक्कत सांगेन, मेहुण्यावर. कारण डबा बांधायला घरातून मेहुणाच पुढे येतो. "दाजी, तुम्ही बसा, मी बघतो," म्हणतो, आत थर्माकोलचा चुरा ओततो, वरून चिकटपट्टीचे वेढे देतो आणि तिकडे डबा उघडला की आतला पंखा सुटून खुळखुळत असतो. मग फोन मला येतो.

बीडमधलं माझं दुरुस्तीचं दुकान आता पुतण्या चालवतो आणि त्याच्याकडे दुरुस्तीपेक्षा मोबाइलची कव्हरंच जास्त खपतात. पण फोन अजून माझ्याकडे येतात. "काका, पोराची बदली झालीय, डेस्कटॉप विमानाने न्यायचाय, काय करू?" मी म्हणतो, पहिलं म्हणजे कुणावर विश्वास ठेवू नका. विश्वास पानिपतात मेला. हमालावर नको, कुरिअरवर नको आणि डब्यावर छापलेल्या काचेच्या पेल्याच्या चित्रावर तर मुळीच नको.

माझा धंदाच संशयाचा होता. गिऱ्हाइक सांगायचं, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." यावर मी कधीही विश्वास ठेवला नाही. उघडून बघावं तर आत सुपारीचं खांड, केसांचा आकडा, नाहीतर मुंग्यांचं अख्खं वारूळ. गिऱ्हाइकाचाही माझ्यावर तेवढाच विश्वास. एका पतसंस्थेच्या मॅनेजरने मशीन दुकानात आणण्याआधी आतल्या प्रत्येक सुट्या भागावर बायकोची नेलपॉलिश लावून आणली होती, मी बदलून टाकीन म्हणून. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर उघडला की मागे एकीकडे शेतकरी आणि दुसरीकडे ऑफिसचे लोक उभे राहायचे. स्क्रूला हात लावला की दोन्हीकडून एकदम आवाज यायचा, "काय काढलं?" सहकारी संस्था म्हटली की संचालकांत दोन गट असणारच. मशीन बिघडलं की दोन्ही गट मला दुसऱ्या गटाचा माणूस समजायचे.

पण विमानाने न्यायची खरी परीक्षा झाली ती एका दूध संस्थेच्या मशीनच्या वेळी. 

गाव दिंद्रुडच्या पलीकडचं. वर्ष दुष्काळाचं. ऊस नव्हता, म्हणून तोडीला गेलेली माणसं लवकर परत आली होती. रानात काही नव्हतं. हातात पैसा येत होता तो फक्त दुधाचा, आणि म्हशी जगत होत्या टँकरच्या पाण्यावर. गावात दूध थंड करायचं केंद्र होतं. दुधाचं वजन, फॅट आणि मोठ्या टाकीचा गारवा, या तिन्ही गोष्टी एकाच डेस्कटॉपवर जोडलेल्या. तोच बंद पडला. टाकी गरम झाली आणि दूध संघाने गावातून दूध उचलणं थांबवलं.

संस्थेच्या चेअरमन होत्या कौसाबाई. धनगराच्या घरातल्या. नवरा गेल्यावर मेंढरं मोडून म्हशी घेतलेल्या. हे केंद्र त्यांनी संघाच्या पायऱ्या झिजवून गावात आणलं होतं. मी पोचलो तेव्हा त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, पहाऱ्याला बसावं तशा. बाहेर रस्त्यावर खाजगी डेअरीवाल्याचा पांढरा टेम्पो उभा होता. तो काही मोजत नसे. दुधाकडे बघायचा आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. केंद्र बंद पडल्यापासून तीन आठवडे सगळं गाव त्याच्याकडे दूध घालत होतं, दुसरा इलाजच नव्हता.

मी मशीनचा डबा उघडला. आतल्या एका कार्डावर वाळलेली पाल चिकटलेली. दोन तारांमध्ये आडवी पडून तिने स्वतःलाही जाळलं आणि कार्डालाही.

"पाल शिरलीय बाई," मी म्हणालो.

कौसाबाईंनी पालीकडे बघितलं, मग खिडकीतून टेम्पोकडे बघितलं. "शिरली का सोडली?" त्या म्हणाल्या.

मलाही तोच संशय येऊन गेला होता.

ते कार्ड बाजारात मिळणारं नव्हतं. बनवणारी कंपनी बंगळूरची. त्यांनी सांगितलं की नवीन कार्ड त्या मशीनशी जुळवावं लागतं, तेव्हा अख्खं मशीन आणा, दोन दिवसांत करून देऊ. संघाने निरोप धाडला होता, सोमवारपर्यंत केंद्र चालू करून टाकीत पुरेसं दूध दाखवा, नाहीतर टाकी उचलून दुसऱ्या गावाला देतो. कुरिअरने जायला आणि यायला तेवढा वेळ नव्हता. शिवाय कुरिअरने आलेला एक चेपलेला डबा माझ्या दुकानात अजून नमुना म्हणून ठेवलेला होता.

"इमानानं न्या," कौसाबाई म्हणाल्या. "पर एकटं जायाचं न्हाई. आमचे भावजी येतील संगं."

भावजी म्हणजे त्यांचे दीर, रामभाऊ. उंच, हडकुळे, पन्नाशीचे. जन्मभर ऊसतोडीला गेलेले. माझा त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा होता. कारण केंद्रावर येताना त्यांना त्या पांढऱ्या टेम्पोला टेकून चहा पिताना मी बघितलं होतं.

मशीन दुकानात आणून बांधायला घेतलं, तर रामभाऊ स्टूल ओढून समोर बसले. इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगतो. कॉम्प्युटर पडून फुटत नाही, तो आतून तुटतो. मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक जड पंखा लोंबत असतो. डबा आपटला की तोच पाटी उखडतो. म्हणून तो आधी काढायचा. ज्यात सगळी माहिती असते ती हार्डडिस्क काढून आपल्या हातातल्या पिशवीत घ्यायची. ती सामानात कधी टाकायची नाही. काढण्याआधी प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा, म्हणजे परत जोडताना भांडण नको. सुट्या भागांना त्यांची खास पिशवी असते ती घालायची, कारण साध्या प्लॅस्टिकच्या घासण्यातूनही वीज तयार होते. आणि शेवटी बांधलेला डबा कानाशी धरून नारळासारखा हलवून बघायचा. आवाज आला तर पुन्हा उघडायचा.

रामभाऊ प्रत्येक स्क्रूला विचारत होते, "ह्यो कावून काढला?" मी सांगत होतो. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "इस्क्रू माज्यापाशी ऱ्हातील," म्हणाले आणि सगळे स्क्रू तंबाखूच्या चंचीत टाकून चंची कमरेला खोचली.

डब्यावर मी नेहमीप्रमाणे कागद चिकटवला : 'देवाच्या तसबिरी. काच.' ही माझी स्वतःची युक्ती. कॉम्प्युटर लिहिलं की चोराला आमंत्रण, आणि नाजूक लिहिलं की हमालाला राग. देव म्हटलं की कुठल्याही धर्माचा माणूस डबा जरा हळूच टेकवतो.

भर दुपारी जीप निघाली. विमान संध्याकाळचं, औरंगाबादहून. उन्हाने सीट पेटलेली. गोदावरी ओलांडली, पात्रात नुसती वाळू होती. पुढे एका धाब्यावर मी तोंडावर पाणी मारायला आणि चहा प्यायला उतरलो. रामभाऊ म्हणाले, मी हितंच बसतो, सामानापाशी. परत येऊन बघतो तर जीपच्या मागच्या सीटवरून टपटप पाणी गळतंय. डब्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं, चिंब ओलं. खालचा पुठ्ठा भिजून पापडासारखा मऊ झालेला. रामभाऊ हातात रिकामी बाटली घेऊन उभे.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पाल, टेम्पो, चहा, सगळं एका क्षणात जुळलं. "रामभाऊ, किती दिले त्या टेम्पोवाल्याने?" मी सरळच विचारलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तसा चेहरा काळवंडला. "काय बोलता विंजिनेर? तिथं एसीत ऱ्हातंय ते. गावात कुनाच्या घरी न्हाई ती गार हवा त्याला हाय. हितं जीपमधी बघा, हात लावला तर भाजतंय. आमी तोडीला पान्याचा कॅन आसाच गोनपाटात नेतो. दिवसभर गार ऱ्हातंय."

"आणि पाणी कुठून आणलं?"

"कुठून आननार? माजं प्याचं व्हतं."

घरून भरून आणलेलं प्यायचं पाणी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत त्या डब्यावर ओतलं होतं. ओठ कोरडे पडलेले. खरं सांगतो, मला एकदम गलबलून आलं, आणि तरीही मनाचा एक कोपरा म्हणतच होता, हा माणूस फार हुशार असेल तर? धाब्यावरून मी पाण्याची बाटली आणून त्यांना दिली. ती त्यांनी घेतली, पण आधी झाकणाचं सील नीट बघितलं.

मशीन उघडून एकेक भाग पुसला. खास पिशव्यांमुळे आत पाणी गेलेलं नव्हतं. पण पुठ्ठ्याचा डबा संपला होता आणि विमानाला वेळ थोडा होता. तेव्हा रामभाऊंनी जीपच्या टपावरून स्वतःची पेटी खाली काढली. ऊसतोड कामगाराची पत्र्याची पेटी. बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, सगळीकडे फिरलेली. कुठे जायचं म्हटलं की हीच घ्यायची, एवढंच त्यांना माहीत. आतलं धोतर आणि भाकरी पिशवीत घातल्या आणि खालची गोधडी माझ्यापुढे केली. जुन्या सुती लुगड्यांची, चार बोटं जाड. इतकं चांगलं अस्तर मला कंपनीच्या डब्यातही कधी मिळालं नव्हतं. मशीन गोधडीत गुंडाळून पेटीत घातलं, पेटी हलवली, आवाज आला नाही. ओल्या पुठ्ठ्यावरचा माझा कागद अजून शाबूत होता. तो सोलून पेटीवर चिकटवला.

तीच चूक झाली. विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रातून पेटी गेली आणि तिथल्या जवानाने आम्हाला हात केला.

"बाबा, इसमें भगवान की फोटो है?"

मी तोंड उघडायच्या आत रामभाऊ बोलले, "न्हाई साब. दूध का कंप्युटर है."

"दूध का?"

"हां. म्हशी का."

जवानाने साहेबांना बोलावलं. साहेबांनी कागद वाचायला लावला, पडद्यावर तारा आणि पाट्या बघितल्या आणि विचारलं, झूठ क्यों लिखा? याचं उत्तर हमालांच्या स्वभावापासून सुरू करावं लागणार होतं. मी पेटीची कडी काढली. पेटी उघडली. गोधडीच्या घडीतून एक पुडी खाली पडली आणि फरशीवर पिवळी पूड सांडली. चार माणसं एकदम मागे सरकली. मीसुद्धा सरकलो, कारण ही पुडी मी ठेवलेली नव्हती.

"ये पीला क्या है?"

रामभाऊ शांतपणे खाली बसले, पूड चिमटीत घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. "भंडारा है साब. बिरोबा का. वैनीनं दिया." मग दुसरी चिमूट जवानापुढे धरली.

पूड तपासली, कुठल्याशा पट्टीवर घासली, फोनाफोनी झाली. माझ्या ओळखपत्राचा फोटो निघाला. कंपनीचं पत्र वाचलं गेलं. हळद ती हळदच निघाली. शेवटी साहेबांनी तो देवाचा कागद फाडायला लावला आणि पेटी सोडली. आत जाताना रामभाऊंच्या चंचीतल्या स्क्रूंनी दारातलं यंत्रही वाजवलं, ते निराळंच. मी मागे वळून बघितलं तर त्या जवानाच्या कपाळावर पिवळा ठिपका होता.

विमानात रामभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा बसताना ना भीती ना कौतुक. त्यांची चिंता एकच. पेटी खाली ठेवलीय म्हणतात, ती खरंच आपल्याच विमानात आहे कशावरून? हवाई सुंदरीला त्यांनी दोनदा विचारलं. हार्डडिस्कची पिशवी माझ्या पायाशी होती. मला डुलकी लागली, जाग आली तेव्हा त्या पिशवीवर रामभाऊंचा पाय होता. मी पिशवी ओढून मांडीवर घेतली. त्यांनी बघितलं, मीही बघितलं.

बंगळूरला पेटी आली. एक कोपरा चेपलेला, आत सगळं ठीक. कंपनीच्या कारखान्यात बाहेरच्या माणसाला बसू देत नसत. रामभाऊ दारातच बसून राहिले. भाषा त्यांना येत नव्हती, पण हलतही नव्हते. शेवटी दुरुस्त करणाऱ्या पोरानेच कंटाळून त्यांना आत स्टूल दिलं आणि कॉफी आणून ठेवली. कॉफी त्यांनी मशीनकडे तोंड करून प्यायली. स्क्रू लागला की चंचीतून एकेक काढून द्यायचे. तो पोरगा तंबाखूच्या वासाने शिंकायचा.

तिथेच मी एकदा विचारून घेतलं. "रामभाऊ, त्या टेम्पोवाल्याबरोबर चहा कशाला पीत होता?"

"च्या त्याचा व्हता, पर दूध आमच्याच म्हशीचं," ते म्हणाले. "बघाया गेलतो, आमच्या दुधात पानी किती घालतो ते."

"मग? किती घालतो?"

"लई. पानी न्हाई न्हाई म्हनतात, त्याला बरं घावतंय."

परतीचा प्रवास सुखाचा झाला असं म्हणणार नाही, पण पेटी आमच्याबरोबर आली. मशीन जोडलं. पडद्यावर आकडे आले, टाकी घरघरली, गार व्हायला लागली. सोमवारी सकाळी अख्खं गाव कॅन घेऊन केंद्रापुढे उभं. दुपारी संघाचे साहेब येऊन टाकीतलं दूध बघणार होते. रस्त्यावर पांढरा टेम्पोही उभाच होता.

पहिल्या दोघांचं दूध लावलं आणि गडबड झाली. सहाच्या वर असणारं फॅट साडेपाच, मग पाच पूर्णांक तीन. रांगेत कुजबुज सुरू झाली. मागून एकजण ओरडला, "बंगळूरला नेऊन फिरवून आनलंय मशीन! संघाला पायजे तसं!" दुसरा म्हणाला, "फुकट न्हाई गेलते इमानानं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या नजरा ओळखीच्या होत्या, जन्मभर अंगावर घेतल्या होत्या. एकाने कॅन उचलला आणि टेम्पोकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे. टाकी निम्मीही भरली नसती तर ती गेलीच, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी पाय तिकडेच वळत होते.

तेव्हा रामभाऊ पायरीवर चढले. त्यांना कधी कुणी चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी व्हतो संगं," ते म्हणाले. "ह्या विंजिनेरावर माजा भरवसा नव्हता. अजून न्हाई. म्हनून एक घडी डोळा हलवला न्हाई. जे कारड बदललं ते माज्या म्होरं बदललं. इस्क्रू माज्या चंचीत व्हते."

"सगळा टाइम डोळ्याम्होरं व्हतं?" कुणीतरी विचारलं.

रामभाऊंनी क्षणभर विचार केला. मी मनात म्हणालो, हो म्हणा, मालक, हो म्हणून टाका.

"न्हाई," ते म्हणाले. "इमानात पेटी खाली व्हती. तेवढा टाइम न्हाई."

रांगेतून "आयला!" असा आवाज उठला. एवढा प्रवास करून हा माणूस खरं बोलून सगळं घालवतो की काय!

गर्दी सारून कौसाबाई पुढे आल्या. काखेत स्वतःचा कॅन. "लावा माजं," त्यांनी सांगितलं. लावलं. पाच पूर्णांक दोन. सगळ्यांत कमी. चेअरमनच्या म्हशीचं दूध सगळ्यांत कमी, हे बघून माणसं पडद्यापाशी दाटली.

कौसाबाईंनी आकडा बघितला. मग वळल्या.

"केंद्र बंद पडलं तवा कुनाच्या दारात कडबा व्हता? थोडा तरी व्हता. आज कुनाच्या हाय? उसाचं वाळलेलं वाढं आन् टँकरचं पानी. म्हशीच्या पोटात न्हाई ते दुधात कुठून यील? टेम्पोवाला मोजतच नव्हता, म्हनून आपल्याला कळलं न्हाई. मशीन खोटं न्हाई बाबांनो. आपल्या म्हशीच आटल्यात."

तिथल्या प्रत्येकाला हे रोज सकाळी धार काढताना हाताला कळत होतं, फक्त कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. कौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आपलं दूध टाकीच्या जाळीत ओतलं. टेम्पोकडे निघालेल्यांपैकी एक जण तसाच गेला. बाकीचे दोघे परत येऊन रांगेत मागे उभे राहिले.

पुढचा नंबर रामभाऊंचा होता.

त्यांनी कॅन ठेवला. मी दूध लावलं. पाच पूर्णांक तीन.

"परत लावा," ते म्हणाले.

परत लावलं. पाच पूर्णांक तीन.

ते वाकले, पडद्याजवळ तोंड नेऊन आकडा बघितला, मग यंत्राच्या मागे जाऊन ताराही बघून आले. "आनखी एक डाव."

रांग थांबून होती. कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा लावलं आणि तोच आकडा आला.

रामभाऊंनी कॅनमध्ये वाकून बघितलं. "खरंच उपाशी हाय की ती," ते हळूच म्हणाले, आणि दोन्ही हातांनी कॅन उचलून दूध जाळीत ओतलं.